रविवारी दुपारी द्यायची ‘ओव्हर’: प्रार्थना, विसावा आणि सेवा यांची घडी कशी बसवावी

रुग्णालयात पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना ‘ओव्हर’ देतात. घरी जाणारी आणि कामावर येणारी, दोघी प्रत्येक खाटेपाशी थांबतात. तीन नंबरच्या आजींचा ताप उतरला आहे, सात नंबरचे सलाईन दोन वाजता संपेल, बाराव्या खाटेवरील मुलाचे वडील गावाहून यायचे आहेत आणि आल्यावर त्यांची डॉक्टरांशी भेट घालून द्यायची आहे, असे सगळे सांगून झाले की जाणारी रजिस्टरात सही करते आणि निघते. नंदुरबार जिल्ह्यात मी ३१ वर्षे हे काम केले. त्याच काळात आमच्या ख्रिस्ती मंडळीतील शब्बाथशाळा (बायबल शिकवणारा रविवारचा वर्ग), महिला संघ, घरसभा आणि आजाऱ्यांच्या भेटी ही कामेही माझ्या अंगावर येत गेली. वॉर्डातून ओव्हर न देता मी एकदाही बाहेर पडले नाही, पण मंडळीच्या कामाची ओव्हर मी कधी कोणाला दिली नाही, आणि त्यात काही चुकते आहे हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली.

ते लक्षात आले एका डिसेंबरात. नाताळच्या फेऱ्या चालू होत्या. सलग दोन रात्रपाळ्या करून मी सकाळी परस्पर साक्री तालुक्यातील एका गावी अंथरुणाला खिळलेल्या एका बहिणीला भेटायला गेले. खाटेशेजारी गुडघे टेकले, डोळे मिटले, ‘हे प्रभू’ म्हटले आणि पुढचे मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा अंगावर गोधडी होती, ऊन उंबऱ्याच्या आत आले होते आणि त्या आजारी बहिणीची सासू चुलीपुढे बाजरीची भाकर थापत होती. मी ओशाळून पुन्हा गुडघे टेकू लागले, तशी ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, “माय, पहिले भाकर खाई ले, मंग प्रार्थना कर.” ताटात तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी आणि ठेचा होता. मी तीन भाकरी खाल्ल्या. ज्या घरी सेवा करायला गेले होते त्या घरानेच माझी सेवा केली.

हा लेख मंडळीतील अशाच माणसांसाठी आहे, जी कोणी बोलावले की उठतात आणि रात्री बायबल उघडून पहिल्याच वचनावर डुलक्या घेतात. पाळक, पंच, शब्बाथशाळेचे शिक्षक, उपासनेनंतरचा स्वयंपाक करणाऱ्या बहिणी, ढोलकी-पेटी सांभाळणारे तरुण, सगळे यात आले.

आधी आठवड्याचा हिशेब

एक जुनी वही घ्यावी आणि सात दिवस झोपण्यापूर्वी तीत चार गोष्टी लिहाव्यात. आज कोणासाठी काय केले, देवासमोर गप्प किती वेळ बसलो, झोप किती झाली, आणि घरात कोणावर चिडलो. चौथी नोंद लिहायला जड जाते, पण तीच सर्वात खरी असते. बाहेर गोड बोलून दमलेला माणूस घरी आल्यावर काय बोलतो हे घरच्यांनाच ठाऊक असते.

आठवडा संपला की सेवेच्या प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहावा: मी गेले नसते तर काय झाले असते? काही नोंदींपुढे ‘काही नाही’ असे उत्तर येईल, काहींपुढे ‘दुसरे कोणी गेले असते’ असे येईल, आणि थोड्याच ठिकाणी खरोखर कोणाचे तरी अडले असते. माझ्या वहीत त्या आठवड्यात ११ भेटी होत्या आणि त्यांपैकी तीन ठिकाणी माझी गरज होती. उरलेल्या आठ ठिकाणी मी सवयीने, भिडेने, आणि खरे सांगायचे तर ‘ताईंशिवाय होत नाही’ हे ऐकायला बरे वाटते म्हणून गेले होते.

शोमरोनी आणि मार्था

सेवा आणि विसावा या विषयावर आपल्याकडे बहुधा मार्था-मरीयेच्याच वृत्तांतावर संदेश होतो: येशू घरी आला तेव्हा मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली. लूकच्या शुभवर्तमानात तो १०व्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि त्याच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, पण हे दोन्ही उतारे एका बैठकीत वाचले जात नाहीत. ते तसे वाचावेत असे माझे मत आहे.

शोमरोनी रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याची काळजी घेतो. इथपर्यंतचे सर्वांना पाठ असते. ३५वे वचन मात्र घाईत निसटते. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. मत्तयाच्या २०व्या अध्यायात एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे, म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी मोजली. माझ्या भाषेत सांगायचे तर त्याने व्यवस्थित ओव्हर दिली: रुग्ण कसा आहे, खर्च कोणाचा, मी पुन्हा केव्हा येईन. तो महिनाभर खाटेशी बसून राहिला नाही, आणि तरीही येशूने ‘तूही तसेच कर’ असे त्याच्याकडेच बोट दाखवून म्हटले.

यानंतर मार्थेची तक्रार वाचावी. ‘माझ्या बहिणीने मला एकटीला कामात सोडले’ हे तिचे म्हणणे आहे. प्रभूने तिला स्वयंपाकाबद्दल बोल लावला नाही. पुष्कळ गोष्टींविषयीच्या काळजीने आणि दगदगीने तिचे चित्त विखुरले होते, त्याबद्दल तो बोलला. पुढे योहानाच्या १२व्या अध्यायात, वल्हांडण सणापूर्वी सहा दिवस, या बहिणींच्या बेथानी गावातच पुन्हा जेवण होते आणि तिथे मार्था वाढत असते. त्या वेळी तिची तक्रार नाही आणि तिला कोणी काही बोलतही नाही. काम तेच आहे, करणारी बदलली आहे. महिला संघाच्या सभेत मरीयेसारखे व्हा असे सांगून लगेच ‘चहा झाला का?’ म्हणून स्वयंपाकघराकडे पाहणाऱ्या बंधूंनी हे दोन्ही अध्याय एकदा स्वतःसाठी वाचावेत.

एकांताची जागा आणि वेळ

‘खोलीत जा, दार लावून घे’ असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, पण दोन खोल्यांत सहा माणसे असतील तर दार कोणते लावायचे? धाब्याचे घर असेल तर हिवाळ्यात पहाटे धाबे रिकामे मिळते. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सगळे घर धाब्यावरच झोपलेले असते. तेव्हा खालची खोली मोकळी असते, तिथे बसावे. कोणाला चुलीजवळची जागा बरी पडते, कोणाला शेतातला बांध. गावात उपासना मंदिर असेल तर किल्ली मागून घ्यावी. बहुतेक मंदिरे आठवड्यातील सहा दिवस कुलपात असतात. ज्या शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथील बहिणींनी पाण्याच्या दिवशी सकाळचा हट्ट धरू नये. हंडे भरून झाल्यावर दुपारी बसावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

वेळ १५ मिनिटे पुरे. पहिल्या आठवड्यात तासभर बसण्याचा निश्चय करणारे तिसऱ्या आठवड्यात मुळीच बसत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि वेळ पाहायला साधे घड्याळ घ्यावे. आधी दोन मिनिटे काहीही न बोलता, हात मांडीवर ठेवून बसावे. मनात दळणाचा डबा, मुलाची फी, उद्याची सभा येईल, येऊ द्यावी. मग एक स्तोत्र हलक्या आवाजात दोनदा वाचावे. ज्या ओळीवर मन अडखळेल ती धरून ठेवावी, पुढे धावू नये. त्यानंतर आपल्याला काय वाटते ते देवाला सांगावे आणि ते आपल्या घरच्या बोलीत सांगावे, अहिराणी, मावची, पावरी, जी असेल ती. देवाला व्यासपीठावरची मराठी ऐकवण्याची गरज नाही. शेवटी ज्यांची काळजी आहे त्यांची नावे एकेक करून घ्यावीत. फक्त नाव घ्यावे आणि थांबावे, त्या माणसाचे काय करायचे याची योजना तिथे बसून आखू नये.

स्तोत्रे १५० आहेत. ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत विभागलेले आहे. रोज एक स्तोत्र, आणि या स्तोत्राचा मात्र रोज एक भाग घेतला तर संपूर्ण स्तोत्रसंहिता १७१ दिवसांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत वाचून होते.

इथे एक पथ्य सांगते, विशेषतः संदेश देणाऱ्यांना. सकाळी जे वाचले त्यावर त्या आठवड्यात संदेश देऊ नये. शिकवणाऱ्याला प्रत्येक वचन दुसऱ्यासाठी बांधून ठेवायची सवय लागते, आणि मग पंगतीत सर्वांना वाढून स्वतः उपाशी राहणाऱ्यासारखी त्याची गत होते. प्रार्थनेत झोप येत असेल तर अपराधी वाटून घेण्याऐवजी रात्री एक तास लवकर झोपावे.

आठवड्याचा विसावा

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आपला शेतकरी बैलाला वर्षातून एक दिवस देतो. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा तो दर आठवड्याला देते, आणि त्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, अशी एकेकाची नावे घेते. घरात राबणाऱ्या पत्नीचे नाव मात्र या यादीत मला आढळत नाही.

मंडळीत काम करणाऱ्यासाठी रविवार हा विसाव्याचा दिवस नसतो, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. पाळकाने सोमवार घ्यावा. शिक्षकाने रविवारी दुपारी एकपासून रात्रीपर्यंतचा वेळ घ्यावा. शेतमजुरांना अनेक गावांत बाजाराच्या दिवशी सुटी असते, त्यांनी बाजार उरकून उरलेला अर्धा दिवस राखावा. सुरुवातीला सहा तास पुरतात. या सहा तासांत झोपावे, सावकाश जेवावे, घरातल्यांशी बोलावे, पायी फिरून यावे. साचलेली धुणी-भांडी आणि मंडळीचे फोन या वेळात घेऊ नयेत. रानात देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाच्या वृत्तांतात (निर्गम, १६वा अध्याय) लोक सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करत. त्यामुळे दळण, चारा, गॅसचा नंबर ही कामे आदल्या दिवशी उरकण्याला पवित्र शास्त्राचाच आधार आहे.

आता अवघड भाग. कापसाच्या वेचणीत मजुरी किलोवर मिळते. एक दिवस बसले की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि ज्या घरात पीठ रोज विकत येते त्या घरातील बाईला विसाव्याचा उपदेश करणे मला पटत नाही. तिच्या विसाव्याची जबाबदारी मंडळीची आहे: तिची मुले सांभाळणे, तिचे दळण आणून देणे, सभेनंतर तिला भांडी घासायला न लावणे. शेतीच्या पंपाची वीज रात्री असते तेव्हा रात्रभर केळीला पाणी भरून आलेला भाऊ सकाळी नऊच्या उपासनेला आला नाही म्हणून त्याला नावे ठेवली जातात. त्यापेक्षा त्या पंधरवड्यात उपासना संध्याकाळी ठेवावी.

रात्रप्रार्थनेबद्दलही थोडे बोलते. महिन्यातून एखादी असावी. पण जागरण संपल्यावर पहाटे मोटारसायकलने दूरच्या गावी निघणाऱ्यांना अडवावे आणि दोन तास तरी झोपायला लावावे. अशा पहाटेचे अपघात मी वॉर्डात पाहिले आहेत.

नाही म्हणण्याचे शब्द

मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमातील सारे गाव संध्याकाळी दारापाशी जमते, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून रानात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो आणि म्हणतो की सर्व लोक तुला शोधत आहेत. येशू परत फिरत नाही. आसपासच्या गावांत जाऊ या, असे म्हणतो. दारात थांबलेल्यांची गरज खोटी नव्हती, तरीही तो गेला नाही.

आपल्याला नाही म्हणता येत नाही कारण शब्दच तयार नसतात. हे तीन तयार ठेवावेत. पहिले: “भाऊ, आज मला जमणार नाही, गुरुवारी पाचला येते.” यात वार आणि वेळ असलीच पाहिजे, नाहीतर ते टाळणे होते. दुसरे: “उद्या सांगते.” तिसरे: “हे काम नाताळपर्यंत मी बघते, पुढे दुसऱ्या कोणाला द्या.” आजारपणाची खोटी सबब मात्र सांगू नये, ती दोन दिवसांत उघडी पडते.

मृत्यू, अपघात, बाळंतपण, सर्पदंश, आणि कोणी जीव द्यायची भाषा करत असेल तर यांतला एकही शब्द वापरू नये, ताबडतोब उठावे. सर्पदंशात आधी गाडी काढावी, प्रार्थना गाडीत करावी.

मंडळीने करायचे काम

माझ्या अनुभवात माणसे प्रार्थना कमी पडते म्हणून जेवढी थकतात त्यापेक्षा जास्त काम वाटले जात नाही म्हणून थकतात. त्यांना ‘आणखी प्रार्थना करा’ हा सल्ला देणे म्हणजे त्यांच्या यादीत आणखी एक काम वाढवणे होय. इथ्रोने मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करताना पाहिले आणि तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील, असे तोंडावर सांगितले. सासऱ्याने सांगितले आणि जावयाने ऐकले, ही गोष्ट आपल्याकडेही सोपी नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय याहून उपयोगी आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण निवडले गेले आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे कामावर नेमली गेली असावीत. आपल्याकडे तरुणांची तक्रार आली की ज्येष्ठांची समिती नेमतात आणि पाड्यावरच्या लोकांची आली की शहरातल्यांची.

करायचे ते असे. मंडळीतील सर्व कामे एका कागदावर लिहावीत, अगदी सतरंज्या घालण्यापासून. प्रत्येक कामापुढे दोन नावे असावीत, एक कधीच नसावे. मुदत तीन महिन्यांची ठेवावी आणि कागद दाराजवळ लावावा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर निघून जातात, म्हणून त्यांची नावे पावसाळ्याच्या पाळीत घ्यावीत. जेवण असेल तेव्हा खिचडी-कढीवर भागवावे. भरीत-पुरी, दोन भाज्या आणि गोडाचा बेत वर्षातून दोनदा पुरे. वाढायला आणि भांडी घासायला पुरुषांची पाळी लावावी. पहिल्या वेळी कढी सांडेल, सांडू द्यावी.

थकवा अंगात मुरला असेल तर

थकलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे, १९वा अध्याय). देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवतो, तो खाऊन पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो, आणि देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. साक्रीच्या त्या सासूबाईंना हा अध्याय ठाऊक होता की नाही, मी विचारले नाही.

पुरेशी झोप घेऊनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, भूक-झोप गेली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव नाही. मी ३१ वर्षे विश्वासानेच गोळ्या वाटल्या.

उलट बाजूही आहे. काहींना एकांत इतका आवडू लागतो की शेजारी भांडण पेटले तरी त्यांचे दार बंदच राहते. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला नुसते ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा समाचार घेतलेला आहे, तो त्यांनी वाचावा. प्रार्थनेत एखादे नाव दहा दिवस येत राहिले तर अकराव्या दिवशी त्या घरी जाऊन यावे.

ओव्हरची वही

आता माझ्याकडे आजारी-भेटींची एक वही आहे आणि एक जोडीदारीण आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. रविवारी उपासना सुटली की मंदिराच्या पायरीवर आम्ही दोघी दहा मिनिटे बसतो. मी एकेक नाव सांगते: अमुक आजोबांच्या डोळ्याची पट्टी बुधवारी निघेल, अमक्या घरी नवरा-बायकोचे बोलणे बंद आहे, तिथे फक्त चहा घ्यायचा, विषय काढायचा नाही, तमकीला साखर आहे, केक नेऊ नये. ती लिहून घेते, सही करते. मग आम्ही ती नावे देवासमोर एकदा घेतो, आणि सोमवार दुपारपर्यंत वही तिच्याकडे असते. फोन आला तर मी तिचा नंबर देते. पहिले तीन-चार रविवार मला करमले नाही आणि मी गुपचूप दोन घरी जाऊन आले. तिला कळले, ती बोलली, मी थांबले.

गेल्या महिन्यात ओव्हर घेऊन झाल्यावर तिने पाने मागे-पुढे चाळली आणि विचारले, “मावशी, यात तुमचं नाव कुठं आहे?” ते नव्हते. तिने माझ्या हातातील पेन घेतले आणि यादीच्या तळाशी लिहिले: ‘मावशी. उजवा गुडघा. घरसभा वरच्या मजल्यावर असेल तर बोलावू नये.’